देवघेवीच्या टेबलामागचा माणूस

2024 चा जुलै महिना, धो धो पाऊस. पुस्तक बदलायला आमच्या वाचनालयात गेलो, तर रांग थेट जिन्यापर्यंत आलेली. दिवाळी अंक आल्यावरही आमच्याकडे एवढी गर्दी होत नाही. वर गेल्यावर कळलं, ही रांग लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी आहे. आदल्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी शेजारच्या वस्तीतल्या एका ताईंचा अर्ज मोबाइलवर भरून दिला होता. त्या ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी कामाच्या वाटेवर भेटेल तिला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडायच्या आत तीसेक बायका पायऱ्यांवर उभ्या. आधार कार्डांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या, छत्र्यांचं पाणी पायऱ्यांवरून ओघळतंय, आणि बाईंच्या एका हातात तारखेचा शिक्का, दुसऱ्या हातात कुणाचा तरी फोन.

एक जुने सभासद वैतागले. "हे वाचनालय आहे की सेतू केंद्र?" बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "काका, वाचता येत नाही म्हणून त्या इथे आल्यात. वाचनालयात नाही यायचं तर कुठे जायचं त्यांनी?"

त्या उत्तराने मला बरीच वर्षं पडलेला एक प्रश्न सुटला. मुंबईतल्या सार्वजनिक वाचनालयांचं पुढे काय करायचं, यावर बोलणं सुरू झालं की आपण इमारत, पुस्तकं, संगणक, वाय-फाय, वातानुकूलन यांच्याबद्दल बोलतो. टेबलामागे बसणाऱ्या माणसाचा विषय निघालाच तर शेवटी, चहा येईपर्यंत. माझं म्हणणं उलटं आहे. या शहराला वाचनालयं हवी असतील तर आधी ग्रंथपालाला पोट भरेल एवढा पगार द्यावा लागेल, आणि तो महापालिकेने दिला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

नवीन काही घडत नाहीये असं नाही. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीची 1870 ची इमारत दुरुस्त होऊन 2023 साली पुन्हा उघडली. तिचा तो उंच वाचनकक्ष आणि मागची बाग पाहून माझं मन भरून आलं होतं. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या उपक्रमातून जुने ग्रंथ आणि नियतकालिकं घरबसल्या वाचता येतील अशी सोय केली. महापालिकेने काही उद्यानांत पुस्तकांची कपाटं ठेवली आहेत. अभ्यासिका तर जिथे तिथे निघताहेत, नगरसेवकाच्या निधीतून, मंडळाच्या खोलीत, शाळेच्या रिकाम्या वर्गात. यातलं काहीही वाईट नाही. पण जवळजवळ सगळं वस्तूंमध्ये मोजता येणारं आहे. दगडाच्या दुरुस्तीला देणगीदार मिळतो, कारण कोनशिलेवर नाव येतं. पगाराला देणगीदार मिळत नाही. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही.

माणूस नसलेल्या कपाटाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझ्या बहिणीच्या गृहसंकुलात हौसेने एक कपाट ठेवलं होतं, 'पुस्तक न्या, पुस्तक ठेवा' अशी पाटी लावून. पहिल्या महिन्यात लोकांनी खरंच चांगली पुस्तकं आणून ठेवली. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा त्यात दहावीची जुनी अपेक्षित प्रश्नसंच मालिका, एका बँकेच्या डायऱ्या, मधुमेहावरचं एक पुस्तक तीन प्रतींत, आणि खालच्या फळीवर पावसाने फुगून एकमेकांना चिकटलेली लहान मुलांची गोष्टींची पुस्तकं. मी त्यातलं एक उचललं तर चार एकदम हातात आली. वॉचमन म्हणाला, "साहेब, मुलं यायची आधी. काय घेऊ म्हणून मला विचारायची. मला काय ठाऊक?" मुलांना विचारायला कुणीतरी हवं होतं, एवढंच त्या कपाटात कमी होतं.

मुंबईच्या इतिहासात याचं एक थोर उदाहरण आहे. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब राहत असल्याने शाळकरी भीमराव आंबेडकर अभ्यासाला चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर रोज येत. ते शिक्षक होते, लेखक होते. मुलगा रोज पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली, मग त्याला पुस्तकं द्यायला लागले. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. या हकिगतीत बाक आहे, पुस्तक आहे, पण ज्यामुळे आयुष्य वळलं ती गोष्ट म्हणजे थांबून "काय वाचतोस?" असं विचारणारा माणूस. केळुसकर ग्रंथपाल नव्हते. पण ग्रंथपालाचं काम याहून चांगलं करून दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. आणि मुंबईतल्या लाखो मुलांसाठी हे काम आपण योगायोगावर सोडून दिलं आहे.

सयाजीरावांचंच पुढचं उदाहरण घ्या. बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारायचं ठरल्यावर त्यांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि वर्षभरात बडोद्यात ग्रंथपालांचं प्रशिक्षण सुरू झालं. गावोगावची वाचनालयं आणि लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तकं या प्रशिक्षित हातांनी चालवली. इकडे मुंबईत नारायण मल्हार जोशींनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा काढल्या, वाचनालयं चालवली, पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांत फिरवल्या. गिरणी कामगाराला अर्ज लिहून देणं, पत्र वाचून दाखवणं हे तिथे वाचनालयाच्या कामाबाहेरचं मानलं जात नव्हतं. म्हणजे आमच्या बाईंनी जुलैत जे केलं ते याच शहराच्या शंभर वर्षांच्या रिवाजाला धरून होतं. रांगेवर चिडलेल्या काकांना हे मी नंतर सांगितलं. ते गप्प बसले. पटलं असेल असं नाही, पण पुढच्या आठवड्यात ते दोन बायकांचे अर्ज भरून देताना दिसले.

आता पैशाबद्दल. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी नाहीत. ती लोकांनी काढलेल्या संस्था आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. वर्गणी, अनामत, देणग्या आणि सरकारचं परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायला दरवर्षी मिळणारी मदत, यांवर त्या चालतात. अनुदान अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे मिळतं. सगळ्यात लहान, ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळत. दहा वर्षं हा आकडा हलला नाही. 2022 साली सरकारने 60 टक्के वाढ दिली, तेव्हा तो 48,000 झाला. निम्मं अनुदान पगारावर आणि निम्मं पुस्तकं, वीज, भाडं यांवर खर्च करायचं असा नियम. म्हणजे त्या वाढीनंतरही पगाराच्या वाट्याला वर्षाचे 24,000 आले. महिन्याचे 2,000.

मुंबईत 2,000 रुपयांत काय होतं? एका माणसाचा लोकलचा पास, फोनचं रिचार्ज आणि थोडी भाजी. आमचं वाचनालय ड वर्गातलं नाही, वरच्या वर्गातलं आहे. तरी बाईंना काय मिळतं ते त्यांनी विश्वासाने सांगितलं, म्हणून मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्या सकाळी दोन ठिकाणी शिकवण्या घेतात आणि त्या शिकवण्यांच्या जोरावर संध्याकाळी वाचनालय चालवतात. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली बाई वीस वर्षं या शहराला स्वतःच्या खिशातून वाचनालय पुरवते आहे. सेवा, व्रत, ज्ञानदान असे शब्द आपण तिच्या सत्काराला वापरतो. मला ते शब्द आता ऐकवत नाहीत. शालीपेक्षा तिला भविष्य निर्वाह निधी हवा आहे.

हे असं का झालं? एक कारण कायद्यात आहे. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच ग्रंथालय कायदा केला होता. 1948 साली मद्रासचा कायदा झाला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी घ्यायच्या जादा कराची, तरतूद होती. कर्नाटकात हा उपकर 6 टक्के आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात उपकर नाही. त्यामुळे आपल्याकडे ग्रंथालयाला हक्काचं उत्पन्न नाही, दरवर्षी मागून घ्यायचं अनुदान आहे. उपकराचे तोटेही आहेत. कर्नाटकात पालिकेने गोळा केलेली रक्कम ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोचत नाही अशा तक्रारी सतत होत आल्या. तरी तिथे निदान कुणाकडे बोट दाखवायचं हे ठरलेलं आहे.

दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं. ग्रामपंचायतींच्या कामांची यादी देणाऱ्या राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत 'ग्रंथालये' हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे, विसाव्या क्रमांकावर. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. बागा आहेत, क्रीडांगणं आहेत, दिवाबत्ती आहे, स्मशानं आहेत, कत्तलखाने आहेत. ग्रंथालयं नाहीत. सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाबींना उत्तेजन, एवढ्या एका ओळीत ती कुठेतरी बसवायची. मुंबई महापालिकेचा 1888 चा अधिनियम पाहिला तर कलम 61 मध्ये बंधनकारक कामं दिली आहेत. पाणी, मैला, दिवे, दवाखाने, प्राथमिक शिक्षण. त्यात ग्रंथालय नाही. म्हणजे मुंबईत महापालिकेने पोराला अक्षर ओळखायला शिकवलंच पाहिजे, पण ती अक्षरं पुढे कुठे बसून वाचायची हे बघायची सक्ती तिच्यावर नाही.

कुठे बसून, हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतली सुमारे 41 टक्के वस्ती झोपडपट्टीत होती. पुनर्वसनात मिळणारं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269 झालं, आता 300. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची; वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या रहिवाशांना 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा चार पिढ्या त्या 160 फुटांत काढून झाल्या होत्या. अशा घरात टीव्ही, कुकर, म्हातारी आजी आणि बारावीची मुलगी एकाच खोलीत असतात. तिला पुस्तक परवडत नाही असं नाही. आता बरंचसं फोनवर मिळतं. तिला तीन तास सलग एका जागी बसता येत नाही. 'मोबाइल आल्यावर वाचनालय कशाला' असं म्हणणाऱ्यांच्या घरात बहुधा दार लावून घेता येईल अशी एक खोली असते.

यावर अभ्यासिका हे उत्तर दिलं जातं. अर्धं उत्तर ते आहेच. पण अभ्यासिकांबद्दल माझ्या मनात एक भीती आहे. आमच्या वाचनालयाने पाच वर्षांपूर्वी वाचनकक्षाचा अर्धा भाग अभ्यासिकेला दिला. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून येत, आपापली पुस्तकं आणत, रात्री निघून जात. त्यांच्या पाठीमागे भिंतभर कपाटं होती. त्या कपाटांकडे कुणी वळून बघत नसे. दोन वर्षांनी समितीत एकाने सुचवलं की कपाटं काढली तर आणखी बारा खुर्च्या मावतील. हिशेबाने बरोबर होतं. अभ्यासिकेची फी नियमित येते, वाचकाची वर्गणी थकते. अशाच रीतीने वाचनालयाची खोली खुर्च्या भाड्याने देणारी होऊन बसते.

कपाटं वाचली ती बाईंमुळे. त्यांनी एक साधी गोष्ट केली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा निबंधात अडखळतो हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी कपाटातून एक जुना ललित निबंधांचा संग्रह काढून त्याच्या टेबलावर ठेवला, आत एका पानावर खूण घालून. "एवढं एकच वाच," म्हणाल्या. महिन्याभरात चार मुलं "खूण घातलेलं काही आहे का?" विचारू लागली. पुढे रोज संध्याकाळी टेबलाच्या कोपऱ्यावर खुणा घातलेली सात-आठ पुस्तकं असत. यासाठी बाईंना आधी स्वतः वाचावं लागतं, मुलांची नावं लक्षात ठेवावी लागतात, कुणाला काय नको आहे हे ओळखावं लागतं. हे काम यंत्र लावून होत नाही, आणि शिकवण्या करून दमलेल्या माणसाने ते कायम करत राहावं अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

अंध वाचकांचं उदाहरणही इथेच बसतं. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला मोकळीक मिळाली. पुढच्या वर्षी याच विषयावर मराकेश करार झाला, आणि 2014 साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. कायदा आहे, संग्रह आहे, तंत्रज्ञान आहे. पण आमच्या गल्लीतल्या, मधुमेहाने दृष्टी गेलेल्या निवृत्त पोस्टमनना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी हे सगळं असून नसल्यासारखं होतं, कारण मधे कुणी नव्हतं. फोनमध्ये वाचून दाखवणारं ॲप घालून, वेग कमी कसा करायचा हे तीनदा शिकवून, चौथ्यांदा न कंटाळता पुन्हा शिकवणारं कुणीतरी लागतं.

म्हणून मागणी एकच, आणि तिचा हिशेब मी करून पाहिला आहे. मुंबई महापालिकेचे 227 प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात एक वाचनालय धरा, शक्य तिथे आत्ता चालू असलेलंच, आणि सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्यांना दोन प्रशिक्षित ग्रंथपाल. महिना 40,000 रुपये पगार धरला तर वर्षाला साधारण 22 कोटी लागतात. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. शंभर रुपयांत तीन पैसे. नवी इमारत नाही, नवं फर्निचर नाही. आहे त्या संस्थांना पगारी माणूस, आणि बदल्यात दोन अटी: दार सगळ्यांना उघडं राहील, वर्गणी असो वा नसो, आणि ते रात्री दहापर्यंत उघडं राहील.

संस्थांची लोकं यावर नाक मुरडतील, हे मला माहीत आहे. महापालिकेचा पगार आला की महापालिकेचा हस्तक्षेप येईल, बदली होऊन आलेला कारकून टेबलामागे बसून घड्याळ बघेल, कुठलं पुस्तक ठेवायचं हे कुणीतरी वरून ठरवेल. ही भीती खोटी नाही. म्हणून नेमणूक संस्थेने करावी, पुस्तकांची निवड संस्थेनेच करावी, पालिकेने पात्रता तपासून पगार थेट ग्रंथपालाच्या खात्यात भरावा. अनुदानित शाळांत शिक्षकांच्या बाबतीत हे आपण कित्येक वर्षं करत आलो आहोत. शिक्षकाला पगार मिळाला म्हणून शाळा सरकारी झाल्या नाहीत.

आणि एक गोष्ट संस्थांनीही कबूल करावी. आपल्यापैकी अनेकांची दारं बिगरसभासदाला उघडी वाटत नाहीत. पादत्राणं बाहेर, बोलू नका, अनामत आधी भरा, फक्त मराठीतलीच पुस्तकं. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं घरी हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांना पहिलं मराठी गोष्टीचं पुस्तक देणारी जागा आपली असायला हवी. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. त्या संध्याकाळी जिन्यावर खेळणाऱ्या तीन मुलांना आत बोलावून पेढा दिला तो बाईंनीच. त्यातली एक मुलगी पुढे दर शनिवारी येऊ लागली.

आमची इमारत पुनर्विकासात गेली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी आणि कल्याण केंद्राबरोबर ग्रंथालयाचाही उल्लेख आहे. आमचा प्रकल्प वेगळ्या नियमाखाली येतो, पण खटपटीनंतर आम्हालाही नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळणार आहे. पुस्तकं सध्या एका सभासदाच्या गाळ्यात खोक्यांत आहेत, दाखल नोंदवही बाईंच्या घरी. मागच्या रविवारी समितीसमोर नव्या खोलीचा नकाशा आला. कपाटं आहेत, बत्तीस खुर्च्या आहेत, संगणकासाठी जागा आहे, वातानुकूलन यंत्र कुठे बसेल तेही दाखवलं आहे. देवघेवीचं टेबल कुठेच नव्हतं. बाईंनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि दाराच्या आत, उजव्या हाताला, एक चौकोन काढला. त्यामागे एक खुर्ची, आणि समोर, येणाऱ्याला बसायला, आणखी एक.